नऊ वाजता फोडलेला नारळ

आधी माफी मागते. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच. शाळा सगळी कन्नड माध्यमात झाली. मराठी आईच्या बोलण्यातून आली, आणि ती वाचायची सवय लागली फार उशिरा, दुसऱ्यांच्या घरातल्या जुन्या दिवाळी अंकांवर. इथल्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकासाठी ‘आपल्या शहरातल्या एखाद्या माणसाविषयी लिही’ असं मला सांगितलं, तेव्हा मी दोनदा नाही म्हटलं. बंगळूरमधली मराठी माणसं म्हणजे मोठमोठ्या सरकारी कारखान्यांतले इंजिनिअर, प्रयोगशाळांतले शास्त्रज्ञ. त्यांच्याविषयी लिहायला त्यांच्या तोलाची माणसं आहेत. मला जवळून माहीत असलेलं मोठं माणूस एकच, आणि ते मराठी नव्हेत. जर्मन होते. म्हणजे अजून आहेत. पण आता ते जर्मन नाहीत, भारतीय आहेत, आणि सध्या इथे नाहीत, जर्मनीत आहेत. पहिल्याच परिच्छेदात माझा असा घोटाळा होतो आहे, म्हणून माफी मागितली.

त्यांचं नाव मी लिहिणार नाही. सगळे त्यांना अण्णा म्हणत. बंगळूरच्या पीण्या भागात ‘जर्मन अण्णा’ म्हटलं की कुठलाही रिक्षावाला दुकानापाशी नेऊन सोडायचा. नाव लिहू का, असं त्यांना विचारलं असतं तर त्यांनी उलट विचारलं असतं, “कशाला हवंय?” आणि मला उत्तर देता आलं नसतं.

हा प्रश्न त्यांचा रोजचा होता. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचं दुकान होतं. ड्रिल, टॅप, बेअरिंग, मोजमापाची हत्यारं. छोट्या कारखान्यांतली पोरं सायकलवरून यायची.

“अण्णा, दहाचं ड्रिल द्या.”

“कशाला हवंय?”

“भोक पाडायला.”

“कशात?”

“स्टीलमध्ये.”

“कुठल्या?”

“मला काय माहीत? मालकानं सांगितलं, आण.”

“मालकाला फोन लावा.”

हे सगळं कन्नडमध्ये चाले. मालक फोनवर वैतागायचा. अण्णा शांतपणे त्याच्याकडून धातूचा प्रकार, मशीनचा वेग, भोकाची खोली काढून घ्यायचे आणि मग सांगायचे की तुम्हाला पाहिजे ते माझ्याकडे नाही, समोरच्या दुकानात आहे. समोरचा दुकानदार त्यांना दर दिवाळीला मिठाई पाठवायचा.

मी त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून गेले तेव्हा दुकान विकून झालं होतं. बसवनगुडीत त्यांचं दुमजली घर. वरच्या खोलीत अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, कॉलेजच्या तीन मुली ठेवत. अट एकच, मराठी बोलता आलं पाहिजे. अक्कांचे वडील पुण्याहून नोकरीसाठी इथे आले होते. अक्का इथेच जन्मल्या, वाढल्या. मुलगी लग्न करून जर्मनीला गेल्यावर त्यांना घरात मराठी बोलायला फक्त नवरा उरला. “आणि ह्यांच्याशी काय बोलणार? ‘पाऊस येईल वाटतं’ म्हटलं तर हे पुरावा मागतात.”

अण्णांचं मराठी स्वच्छ होतं, पण त्यात ‘तू’ नव्हतं. अक्कांना तुम्ही, मला तुम्ही, दूधवाल्याला तुम्ही. फाटकाशी एक पिवळा कुत्रा बसायचा, त्यालाही “तुम्ही बाजूला व्हा, गाडी काढायची आहे.” कुत्रा उठायचा. अक्का म्हणायच्या, “बघ, एवढा मान आयुष्यात त्याला कुणी दिला नसेल. उठेल नाही तर काय!”

जेवणाची एक गोष्ट सांगायलाच हवी. अण्णांना नाचणीचा मुद्दे, म्हणजे शिजवलेल्या पिठाचा गोळा, फार आवडायचा. इथल्या लोकांना ठाऊक आहे की मुद्दे चावायचा नसतो. सारात बुडवलेला गोळा तसाच गिळायचा. अण्णा चावायचे. पाव चावावा तसा, नीट, सावकाश. अण्णा पुढे आमदार झाले, त्या निवडणुकीच्या प्रचारात एका घरी त्यांना जेवायला बसवलं तेव्हा घरातल्या म्हातारीनं कपाळाला हात लावला. “अण्णा, नुंगबेकु! गिळायचा!” अण्णा म्हणाले, “आजी, दात आहेत तोवर चावतो. नंतर तुमचं ऐकीन.” ही गोष्ट मतदारसंघभर फिरली आणि त्यांना त्यावर मतं पडली असं अक्कांचं मत आहे.

ते आमदार कसे झाले, हेही अक्कांकडूनच ऐकलेलं. तरुणपणी ते एका कारखान्यात जर्मन यंत्रं बसवायला काही महिन्यांसाठी आले होते. यंत्रं बसली, पण ती चालवणाऱ्या लोकांना हत्यारं मिळेनात. मिळाली तर चुकीची. “मी थोडे दिवस राहून बघतो,” असं त्यांनी घरी कळवलं. मग दुकान, मग अक्का, मग भारताचं नागरिकत्व. पुढे कितीतरी वर्षांनी आमच्या भागात एका पक्षाच्या दोन गटांत उमेदवारीवरून भांडण पेटलं. दोघांनाही दुसऱ्याचा माणूस नको होता. जर्मन अण्णांवर कुणाचाच राग नव्हता. चौघे जण घरी आले.

“मी आतून कॉफी घेऊन बाहेर येते,” अक्का सांगायच्या, “तर हे त्यांना विचारतायत, आमदार कशाला हवा आहे? नेमका कशासाठी? आणि ते चौघे एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत. शेवटी त्यातला एक जण चाचरत म्हणाला, लोकांची कामं करायला, अण्णा. तर हे म्हणाले, सरी, मग होतो.” सरी म्हणजे कन्नडमध्ये ‘ठीक आहे’; अण्णा मराठी बोलतानाही तेच म्हणत.

निवडून आल्यावर त्यांच्या एका खोडीनं कार्यकर्ते मेटाकुटीला आले. आमदाराला सगळीकडून पत्रिका येतात. लग्नं, मुंजी, दुकानांची उद्घाटनं, गणपतीचे मंडप. पत्रिकेवर जी वेळ छापलेली असेल त्या वेळेला अण्णा हजर. मंगल कार्यालयात तेव्हा खुर्च्यांच्या चळती असत. अण्णा कोट काढून खुर्च्या लावायला लागत. पत्रिकेवरची वेळ ही फक्त छापायची असते, यायची वेळ वेगळी असते आणि ती प्रत्येकाला आपोआप कळते, हे त्यांना कितीदा समजावलं तरी पटलं नाही. “तुम्ही लग्नाचा मुहूर्त मिनिटावर पाळता,” ते म्हणायचे. “म्हणजे तुम्हाला वेळ पाळता येते. मग बाकीच्या वेळी का येत नाही?” पण खुर्च्या लावणारा आमदार लोकांना आवडायचा, त्यामुळे ते चालून गेलं.

चाललं नाही ते आमच्या वस्तीच्या पुलाच्या वेळी.

आमची वस्ती पीण्याच्या मागच्या अंगाला आहे. मध्ये राजकालुवे. पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या मोठ्या नाल्याला इथे तसं म्हणतात, पण त्यात पाऊस नसतानाही जे वाहतं त्याला पाणी म्हणवत नाही. पलीकडे कारखाने. माझी आई तिथे स्क्रू-बोल्टच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते. आम्ही मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या चिक्कोडीकडचे, आणि वस्तीत आमच्यासारखी बरीच कुटुंबं आहेत. बायका कामावर जायच्या त्या नाल्यावर आडव्या टाकलेल्या विजेच्या दोन जुन्या सिमेंटच्या खांबांवरून. हाताला धरायला काही नाही. पावसाळ्यात खांब शेवाळायचे. मग मोठ्या रस्त्यानं फेरा घालून जायचं, नाही तर जीव मुठीत धरून खांबांवरून. आमच्या शेजारच्या मावशी एकदा घसरल्या आणि त्यांचा पाय कायमचा अधू झाला.

अण्णा निवडून आल्यावर वस्तीनं एकच मागितलं. पायी जाण्यापुरता पूल. अण्णा स्वतः येऊन त्या खांबांवरून पलीकडे गेले आणि परत आले. घामाघूम झाले होते म्हणे. मग कागदपत्रं झाली, मंजुरी झाली आणि भूमिपूजनाची पत्रिका छापली गेली. वेळ सकाळी नऊ. हस्ते, मंत्रीमहोदय.

मी तेव्हा पहिलीत होते. मला फक्त मंडपाचं पिवळं कापड आठवतं. बाकीचं आईनं इतक्या वेळा सांगितलं आहे की ते माझ्या डोळ्यांसमोर घडल्यासारखं वाटतं.

बायकांनी कारखान्यांतून एका तासाची सूट काढली होती. नऊ वाजले. अण्णा हजर, भटजी हजर, मंत्री नाहीत. फोन केला तर मंत्री अजून घरूनच निघायचे होते. बायका चुळबुळ करायला लागल्या. उशीर झाला तर अर्ध्या दिवसाचा पगार जाणार, आणि मुकादमाची बोलणी वेगळी.

अण्णांनी विचारलं, “रोज सकाळी हा नाला सगळ्यांत आधी कोण ओलांडतं?”

बायकांनी आईला पुढे ढकललं. तिची पहिली पाळी असायची.

“मग नारळ तुम्ही फोडा.”

“म्या?” आई म्हणाली. “अवो अण्णा, मंत्री यायचं हाईत की!”

“पत्रिकेवर नऊ लिहिलं आहे. पूल तुमच्यासाठी आहे आणि तुम्हाला कामावर जायचं आहे. फोडा.”

आईनं नारळ फोडला. दुसऱ्या दोघींनी कुदळ मारली. भटजींनी मंत्र म्हटले, पेढे वाटले आणि बायका कामावर गेल्या. मंत्री बाराच्या सुमाराला आले. मंडपात अण्णा, मांडववाला आणि आम्ही चार पोरं. खड्डा खणलेला, नारळ फुटलेला. मंत्र्यांच्या माणसांनी विचारलं, हे कुणी केलं? अण्णांनी घड्याळ दाखवलं. मंत्री हसले, हात जोडले, गाडीत बसले आणि गेले.

त्या संध्याकाळचं अक्का सांगतात. “मी म्हटलं, अहो आमदारसाहेब, बाजारात नारळ काय एकच होता? बायकांचा एक फोडायचा, मंत्र्यांचा एक फोडायचा. तर मला विचारतात, एका कामाची सुरुवात दोनदा कशी होईल? मी म्हटलं, होते. इथे होते. उद्घाटनंसुद्धा दोनदा होतात. इतकी वर्षं राहून तुम्हाला एवढं कळलं नाही? रात्री जेवले नाहीत. सकाळी दाढी करता करता मला म्हणाले, तुमचं बरोबर आहे.”

पण तोवर व्हायचं ते झालं होतं. पुलाचं काम सुरू झालंच नाही. पुढच्या निवडणुकीत अण्णांना तिकीट मिळालं नाही. वस्तीत सगळ्यांना कारण ठाऊक होतं. मंत्र्यांचा अपमान झाला, पूल बुडाला. पुरुष माणसं अण्णांना नावं ठेवायची. बायका अण्णांना काही म्हणायच्या नाहीत, पण नळावर आईला टोमणा बसायचाच. “काय हात म्हणायचा की काय तुझा! नारळ फुटला न् पूलबी फुटला.” आई हसून सोडून द्यायची. घरी आल्यावर मात्र तिचं भांडी आपटणं मी ऐकलं आहे. तिला तो पूल हवा होता, आणि आता तो दोन कारणांसाठी हवा होता.

अण्णांनाही तो हवा होता. आमदारकी गेल्यावर त्यांनी दुकानाकडे पुन्हा लक्ष घातलं, नंतर दुकान विकलं, पण एक नेम सोडला नाही. दर सोमवारी सकाळी ते पुलाच्या फाइलसाठी पालिकेच्या कचेरीत जात. अधिकारी बदलले, शिपाई निवृत्त झाले, इमारतीला दोनदा रंग लागला. अण्णा बाकावर बसत. त्यांना कॉफी मिळे आणि उत्तर मिळे, “काय करणार अण्णा, मंत्रीसाहेब अजून नाराज आहेत.” पुढे ते मंत्री मंत्री राहिले नाहीत. तरी उत्तर तेच. “वरून सांगून गेलेत अण्णा, आमच्या हातात काय आहे?”

मला बसवनगुडीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा राहायची सोय आईनंच काढली. आमच्या एका खोलीत पाच माणसं, अभ्यास होणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, ज्यांच्यामुळे तुला बोलणी खावी लागतात त्यांच्याच घरी? आई म्हणाली, “माणूस खुळा हाय, पण खोटा न्हाई. ऱ्हा जा.”

मी गेले. पहिल्या दिवशी अण्णांनी मला वस्तीचं नाव विचारलं. मी सांगितलं. आईचं नाव विचारलं. तेही सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “आई अजून पहिल्या पाळीला जातात का?”

“हो.”

“खांबांवरूनच?”

“हो.”

नंतर त्यांनी मला कधीच, काहीही विचारलं नाही. पण पाऊस मोठा झाला की जिन्याखालून त्यांचा आवाज यायचा. “घरी फोन करा. आई पोचल्या का विचारा.”

मी दुसऱ्या वर्षाला असताना अण्णांचे गुडघे फार दुखायला लागले. सोमवारी रिक्षातून उतरताना पडता पडता वाचले. त्या दिवशी अक्कांनी त्यांना ताट वाढलं आणि समोर बसून सरळ विषय काढला.

“अहो, कचेरीत जाऊन काय उपयोग? ज्याचा राग आहे त्याच्याकडे जा. माफी मागा आणि मोकळे व्हा.”

“नऊला नारळ फोडला ही चूक नव्हती.”

“ती नव्हती. दुसरी होती ना? मग तिची मागा.”

अण्णा भात कालवत राहिले. मग म्हणाले, “सरी.”

माजी मंत्र्यांचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला. वेळ दहाची मिळाली होती. अण्णांना आधार द्यायला मी बरोबर गेले. दहाला आम्ही दिवाणखान्यात होतो आणि आमच्याआधी तिथे पंधरा-वीस माणसं बसली होती, कुणी पेढ्यांची पेटी घेऊन, कुणी लग्नाची पत्रिका घेऊन. मंत्री पूजेला बसले होते. साडेदहा झाले, अकरा झाले. मी अण्णांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत होते. त्यांनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही. मला वाटतं ते घड्याळ घरी काढून ठेवून आले होते, कारण मनगटावर पांढरा पट्टा दिसत होता.

बाराच्या सुमाराला मंत्री खाली आले. वय झालेलं, अंगावर शाल, कपाळावर गंध. बरोबर त्यांचे जुने पीए, तेही म्हातारे. अण्णांना बघून मंत्र्यांनी हात पसरले. “या या, जर्मन! किती वर्षांनी!”

अण्णा उठून उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. कन्नडमध्ये म्हणाले, “सर, मी माफी मागायला आलो आहे. पुलाच्या भूमिपूजनाला तुम्ही यायच्या आधी नारळ फोडला. बायकांना कामावर जायचं होतं, म्हणून फोडला. त्याबद्दल माफी मागत नाही. पण तुमच्यासाठी दुसरा नारळ आणून ठेवायला पाहिजे होता. तो मी ठेवला नाही. ते चुकलं.”

मंत्र्यांनी शाल सावरत विचारलं,

“कुठला नारळ?”

अण्णांनी पुन्हा सगळं सांगितलं. वस्तीचं नाव, नाला, मंडप.

मंत्री हसायला लागले. “अहो अण्णा, त्या वर्षी मी इतके नारळ फोडले की हात दुखायचा. एक कुणीतरी परस्पर फोडला तर मी तेवढाच सुटलो. मी रागावू कशाला?”

बसलेली माणसंही हसली. अण्णा हसले नाहीत.

“मग पूल का अडला?”

मंत्र्यांनी पीएकडे बघितलं. पीएंनी डोळे मिटून आठवलं. “पीण्याच्या मागचा ना? त्याचं पलीकडचं टोक एका कारखान्याच्या आवारात उतरत होतं, सर. मालकानं भिंत पाडायला नकार दिला. ते तिथंच राहिलं.” मग अण्णांना म्हणाले, “तुम्हाला कचेरीत कुणी सांगितलं नाही?”

“मी दर सोमवारी विचारायला जात होतो.”

“काय विचारत होतात?”

अण्णा म्हणाले, “मंत्री अजून रागावलेत का.”

मंत्र्यांनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्हाला जेवून जायचा आग्रह केला. आम्ही थांबलो नाही.

मंत्री खरं बोलले की नाही, मला आजही सांगता येणार नाही. अक्कांच्या मते राजकारणातला माणूस राग विसरत नाही, फक्त म्हातारपणी ‘विसरलो’ म्हणायला त्याला जमतं. पण रिक्षात मी अण्णांना पहिल्यांदा संतापलेलं पाहिलं. ते मंत्र्यांवर संतापले नव्हते. “एक भिंत,” ते सारखं म्हणत होते. “एवढी वर्षं. एक भिंत!” ड्रिल विकताना धातूचा प्रकार काढून घेणारा माणूस, आणि इथे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं की काम नेमकं कुठे अडलं आहे. आपल्या चुकीची त्यांना इतकी खात्री होती. मी हे मनात म्हटलं. ते त्यांनी स्वतःच मोठ्यानं म्हटलं, जर्मनमध्ये, पण मला वाटतं अर्थ तोच असावा. मग रिक्षावाल्याला म्हणाले, “तुम्ही पीण्याला वळवा.”

रिक्षावाला मागे वळून म्हणाला, “अण्णा, बुकिंग बसवनगुडीचं आहे.”

“सरी. आता पीण्याचं आहे.”

कारखान्याचा जुना मालक वारला होता. मुलगा काम बघत होता. त्याला त्या पुलाविषयी काही ठाऊक नव्हतं. वडिलांना काय भीती असावी ते त्यानं अंदाजानं सांगितलं. फाटकात गर्दी होईल, टपऱ्या लागतील, माल चोरीला जाईल. अण्णांनी विचारलं, वाट भिंतीच्या बाहेरून काढली आणि भिंत तुमच्या बाजूला हातभर सरकवली तर? मुलगा म्हणाला, विचार करतो. अण्णा म्हणाले, करा, मी बसतो. गुडघे धरून ते तिथेच एका लाकडी खोक्यावर बसले. तासाभरानं मुलगा टेप घेऊन बाहेर आला, आणि दोघांनी मिळून भिंत मोजली. टेपचं दुसरं टोक मी धरलं होतं.

तिथून पुढे गोष्टी हलल्या. झपाट्यानं नव्हे. संमतीचा कागद झाला, नवीन अंदाजपत्रक झालं, नव्या आमदारांनी ‘माझ्या प्रयत्नांनी’ असा फलक लावला. अण्णांना तो फलक फार आवडला. “फलक लावला म्हणजे आता त्यांना पूल बांधावा लागेल,” असं म्हणाले. पुलाचे खांब उभे राहिले, मग ठेकेदार गायब झाला, मग परत आला. अण्णा आता सोमवारी कचेरीत न जाता नाल्यावर जायचे. वस्तीतली माणसं खुर्ची आणून द्यायची. आई एकदा पाळी संपवून येताना त्यांच्यापाशी थांबली.

“अण्णा, कधी व्हणार?”

“माहीत नाही.”

“माज्या हाताला बोल लागलाय बगा. तेवढा जाऊ दे.”

अण्णा तिला म्हणाले, “हात तुमचा नव्हता. प्रश्न माझा चुकला होता.” आईला ते कळलं नाही. तिनं मला नंतर विचारलं आणि मी सांगितलं. ती म्हणाली, “एवढं मनाला लावून घ्यायचं व्हय? खुळाच हाय.” पण दुसऱ्या सोमवारी तिनं त्यांच्यासाठी डब्यात धपाटी दिली.

गेल्या हिवाळ्यात गुडघ्यांनी अगदीच नकार दिला. शस्त्रक्रिया करायची ठरली आणि मुलीनं हट्ट धरला की ती जर्मनीत, आपल्याकडेच व्हायला हवी. आपल्या जन्मगावी जायला अण्णांना व्हिसासाठी रांगेत उभं राहावं लागलं. तिथे खिडकीमागच्या मुलीनं विचारलं, भेटीचं कारण? ते म्हणाले, गुडघे. घराला कुलूप लागलं. आम्ही तिघी मुली पांगलो. मी घरी परत आले आणि मेट्रोनं कॉलेजला ये-जा करायला लागले. निघताना अण्णांनी मला एवढंच सांगितलं, “पूल झाला की कळवा. झाला म्हणजे माणसं चालायला लागली की. फलक लागला म्हणजे नव्हे.”

पूल बांधून झाला तरी पत्रे लावून बंद होता. उद्घाटनाची तारीख दोनदा पुढे गेली. तिसऱ्यांदा पुढे गेल्याचं कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पाळीच्या बायकांनी पत्रे उचलून बाजूला ठेवले आणि चालायला लागल्या. कुणी काही ठरवलं नव्हतं. सगळ्यांत पुढे आई होती. मी मागून मोबाइलवर चित्रण केलं. ते हललेलं आहे. त्यात आईची पाठ दिसते, डब्याची पिशवी दिसते. मध्यावर पोचल्यावर तिनं एक हात कठड्यावर ठेवला आणि पलीकडे जाईपर्यंत उचलला नाही. पलीकडून ती ओरडली, “धाडलं का त्यास्नी?”

मी ते अक्कांच्या फोनवर पाठवलं. तिकडे तेव्हा पहाट व्हायची होती. दुपारी कॉलेजमधून बाहेर पडताना त्यांचा आवाजातला निरोप आला.

“अगं, बघितलं गं त्यांनी. मी उठवलंच नाही, चहाच्या वेळी हातात दिलं. बघितलं, परत लावायला सांगितलं, परत बघितलं. मग काठी घेऊन आत गेले. मला वाटलं पडायला गेले असतील. तर कोट घालून आले, बूट घातले, आणि दाराजवळच्या खुर्चीवर येऊन बसले. मी म्हटलं, अहो, डॉक्टरांनी दोन महिने विमानात बसू नका म्हणून सांगितलंय. तर म्हणतात, मला माहीत आहे. मी म्हटलं, मग बूट काढा. तर नाही म्हणतात. बसलेत अजून.”